तुळसाबाईचं वजन

मग भरोसा ठेवावा तरी कोनावर, पूनमसिंग, तूच सांग — दोरावर, खुट्यावर, का दोर धरून राह्यलेल्या मानसावर? हसू नको. मी बी हसलो असतो, पन या विमानात तुळसाबाई बसली हाय, माई बायको. तू तुया पंखाचा दोर सोडू नको, मी माया सोडत नाही. वारा बसला की दोघं मिळून तिले उतरवू. आता दार उघडता येते का? नाही येत. उघडलं की दार वाऱ्यासंगं जाईन, अन् तिचं वजन गेलं की विमानच जाईन. शेपटीचा खुटा मघाच निघाला, पाह्यलं ना — गाजर उपटावं तसा.

तो पायलटसाहेब बिचारा सारं सांगून गेलता. फिरस्ता मानूस, हैदराबादेहून नागपूरले चालला, आभाळ फिरलं म्हून माया वावरात उतरला, अन् पेट्रोल आनाले यष्टीनं यवतमाळले गेला. जाता जाता म्हने, शेठ, तोंड वाऱ्याकडं केलं हाय, दोन्ही पंखं अन् शेपूट बांधलं हाय, आता कोनाले हात लावू देऊ नका. म्या म्हटलं, निस्चिंत जा साहेब, सरकीच्या गाड्या भरन्यात माये केस पिकले. घाटंजीच्या बाजारात इचार कोनाले बी — त्या वावधानात साऱ्याइच्या गाड्या उलथल्या, माई एक उभी होती. काहून? जुवावर आमच्या साळ्याले, नागोरावले, बसवून ठेवलं होतं. तो जेवाले बसला तर वाढनारी थकते — हालन का गाडी?

अन् हे विमान पाह्य ना तू — तोंड आभाळात, बूड जमिनीले. बैल सोडलेली गाडी उलार होते, तसं. म्या म्हटलं, साहेबाले उडवता येते, पन गाडीतलं त्याले काय समजते? समोर वजन पाह्यजे. तर तुळसाबाई बसली. तुले मघा म्हटलं ना, तिलेच हौस होती — कायची हौस, बाप्पा? ती भाकर घेऊन आलती माई. मीच चढत होतो. एक पाय आत टाकला अन् वारा पंखाखाली घुसला, सारं विमान हुंकारलं, मारका बैल हुंकारते तसं — अन् माया पाय बाहेर आला. आपसूक आला. तिनं पाह्यलं. पदर खोचला अन् म्हने, "व्हा बाजूले, तुमच्यापेक्षा मीच भारी हाओ." माई लाज राखली तिनं. अन् म्या? म्या दार लावलं.

धर — धर रे — गेला झोत. गेला ना? दम घे.

पंखाच्या मांगचा तो फाळका पाह्य कसा फडफडते. पयले नव्हता हालत. आत त्याची एक दांडी हाय, साहेबानं पट्ट्यानं आवळून ठेवलती. तिच्या पोटाले लागे, बसाले जागा होईना, तर म्या पट्टा सोडला. सोडाले नको होता ना? काचेतून ती हात करून राह्यली — ये म्हनते का दूर हो म्हनते? भेली असन. वीज कडाडली की माया हात धरते ती, घरात बी. मी येतो तिच्याजवळ, पन दोर कोन धरन?

तसं पाह्यलं तर — नको पाहू इकडं. हा दोर या बाभळीच्या बुंध्याले बांधलेला हाय. मघापासून हाय, साहेबानंच बांधला. मले काहीतरी हातात पाह्यजे होतं म्हून धरून उभा हाओ. अन् दार तिकडून आडोशाले हाय, उघडते.

आला पाह्य, तांबडा लोट — पळसं वाकवत आला. तू तुया दोर धरून राह्य. मी आत चाललो. तिच्या बाजूची जागा रिकामी हाय. पट्टा आवळतो, अन् हात देतो तिच्या हाती, होईन ते होईन. एक आयक. गेलो तर लोक वाऱ्याच्या नावावर टाकतीन, साहेबाच्या नावावर टाकतीन. अन् वाचलो तर मीच बाजारात सांगीन, शेठ पयल्या दमात आत गेलता म्हून — मले वळखते ना तू. तवा गप्प बसू नको. कोनाचा पाय बाहेर आला अन् कोन बसली, तू आता माया तोंडून सारं आयकलं. हिशोब इमानदारीनं ठेवजो, भाऊ.