तापलेलं दूध

माजं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या घाटाखाली पंधरा घरांची वाडी हाय, तिथलं. नाव सांगून तुम्हाला काय कळायचं नाय, तवा गाडी जात नव्हती तिथं, आता जाते म्हनतात. नाचनी, वरी, थोडं भात, आनि घरटी एक मानूस मुंबईला, असं समद्यांचं. आम्ही पाच बहिनी, पाचवी मी. मी झाले ते ऐकून बापूस मुंबईवरनं आलाच नाय, पार पुढच्या शिमग्याला आला, असं आये सांगायची, हसून सांगायची. तर मी पहिल्यापासनं कुनाला नको व्हते, लाड काय असतात ते ठाऊक नाय न् त्याचं मला वाईट पन वाटत नाय.

लग्न करून दिलं ते इकडं महाडजवळ, नदीच्या काठाला. नवरा मुंबईत हॉटेलात, गनपतीला आनि शिमग्याला यायचा. घरात सासू न् मी. सासू कडक व्हती, पन खोटं कशाला बोलू, तिनं मला कधी मारलं नाय, उपाशी ठेवलं नाय. ती जे बोलायची ते खरं हाय असं तिला मनापासनं वाटायचं, आनि मग मलाही वाटायचं, तिथंच घोटाळा झाला समदा.

महाडच्या अंगाला पोह्यांची गिरन व्हती, तिथं मी कामाला. भात भिजवायचं, भट्टीवर भाजायचं, मग मशीनमधी चेपायचं न् चाळायचं. मी भट्टीपाशी. उन्हाळ्यात तर असं व्हायचं की आपनच भाजतोय. माजी मंजी झाली, मंजुळा, दिवाळीच्या पुढं झाली, नव्वद सालाच्या आसपास, नक्की साल इचारू नका. दोन महिने घरी बसले तर शेठचा निरोप, येतीस का दुसरी ठेवू. गेले. सकाळी पाजून निघायची सात वाजता, परत यायला सहा. दहा वाजले की अंग भरून यायचं, दगडासारखं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची आत तरी पोलकं भिजायचं. मुकादम समद्या गड्यांसमोर म्हनायचा, काय गो, आज दूधपोहे का? बायका हसायच्या. मी पन हसायची, मग काय करनार. शेठ मात्र चिडला एकदा, मालाला वास लागला तर गिऱ्हाईक माज्या तोंडात शेन घालंल म्हनाला. मग मी मागं, भुशाच्या ढिगाआड जाऊन पिळून टाकायची आनि तोंड धुवून परत भट्टीवर. पोर घरी रडत असंल, आनि हितं दूध मातीत चाललंय, असं रोज.

आता ते तापलेल्या दुधाचं सांगते. आमच्याकडं असं हाय, बाई उन्हातनं, चुलीपासनं आली की तिचं दूध तापलेलं असतं, ते लेकराला बाधतं. सासू म्हनायची, तू दिवसभर भट्टीवर, तुजं दूध म्हंजे सवच्या गरम झऱ्याच्या कुंडातलं पानी. तर घरात शिरायच्या आधी नदीवर जायचं, गार पान्यानं अंग धुवायचं, पहिलं दूध पिळून पान्यात सोडायचं, वाटेत नाय सांडायचं, कुनी ओलांडलं तर दूध आटतं. मग अंग गार व्हईपर्यंत ओटीवर बसायचं. आत मंजी रडतीय. ऐकू यायचं. सासू दारात बसून म्हनायची, थांब गो, अजून गार नाय झालीस. मी थांबायची. रडून रडून ती झोपून जायची, मग उठवून पाजायची. तरी तवर बरं व्हतं, दिवसा सासू वाटीनं थोडं शेळीचं दूध पाजायची, पोर गुटगुटीत नव्हती पन हसायची, पायाचा अंगठा तोंडात घालायची.

मंजी चार महिन्यांची झाली तवा ननंद आली बाळंतपनाला. पहिलटकरीन. मुलगा झाला. सासूनं गावभर साखर वाटली. पन वन्संला बाळंतपनात ताप आला आनि अंगावर दूध उतरलंच नाय. समदं केलं, शेपू, खसखस, डिंक, काय नाय. पोरगं रडून निळं. सासूच्या तोंडचं पानी पळालं, कारन तिकडच्या मानसांचा पहिला नातू, त्याला काय झालं असतं तर त्यांनी लेकीला घरात घेतलं नसतं. ते मला पन कळत व्हतं. बाईचं दुःख बाईला कळतंच, नायतर वन्सं कधी माज्याशी धड बोलल्या नव्हत्या.

एके दिवशी कामावरनं आले, नदीवर गेले नाय अजून, तर सासूनं दारातच ते पोरगं माज्या मांडीवर दिलं. पाज म्हनाली. मी म्हटलं, आत्या, दूध तापलेलं हाय. तर म्हनते, पोराला चालतं, पोराच्या अंगात जोर असतो, पचवतो तो. पोरीला बाधतं. काय सांगू तुम्हाला, मला ते पटलं. आज तुम्हाला सांगताना माजी मलाच लाज वाटते, पन तवा पटलं, कारन लहानपनापासनं हेच बघितलेलं, पोराला वेगळं न् पोरीला वेगळं.

मग तसंच पडलं. संध्याकाळचं तापलेलं दूध पोराला. सकाळचं गार दूध पोरीला असं ठरलं व्हतं, पन सकाळी पोरगं पन भुकेलं, आनि पावन्याचं लेकरू ते, आधी त्याला. राहील ते मंजीला. काय राहनार? मग महाडवरनं बाटली आनली, शेळीच्या दुधात पानी घालून द्यायची, कधी नाचनीची पेज. बाटलीचं रबरी बोंड उन्हात पडलेलं असायचं, माश्या बसायच्या, सासू पदराला पुसून तोंडात द्यायची. पोरगं माज्या अंगावर लोन्यासारखं झालं. मंजीचे हात असे झाले, काडी. अंगठा तोंडात घालायची पन चोखायची नाय, नुसता धरून ठेवायची. कुनी घरी आलं की सासू पोराला पुढं करायची, बघा भाचा, मामीचं दूध मानवलंय. आनि मला बरं वाटायचं, खरं सांगते, कुनीतरी मला पहिल्यांदा चांगलं म्हनत व्हतं.

सरकारी नर्सबाई डोस पाजायला यायची. तिनं मंजीला उचललं न् माज्याकडं बघितलं. इचारलं, मी समदं सांगितलं, भट्टी, तापलेलं दूध, समदं. सासू आत व्हती. नर्सबाई हळूच म्हनाली, बाई, दूध कधी तापत नसतं, बाटली फेकून दे आनि पोरीला अंगावर घे, आजच घे.

त्या संध्याकाळी मी नदीवर गेलेच नाय. मागच्या दारानं मंजीला उचललं आनि गोठ्यात बसले. तिला आधी समजंना. मग अशी ओढायला लागली, एवढी अशक्त पोर, पन दोन्ही मुठींनी मला धरलं. मी म्हैशीच्या अंगाला टेकून रडले. तेवढं एकदाच.

हगवन तिला चार दिवस आधीपासनंच व्हती, बाटलीची. पन दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त झाली. सासूनं लंगोट बघितला न् मला इचारलं, चोरून पाजलंस ना? मी लंगोट धुवायला उचलला. ती वरडली नाय. वरडली असती तर मी पन वरडले असते. ती शांत म्हनाली, तू तुज्या हातानं मारशील हिला.

झालं. मी घाबरले. नर्सबाईचं खरं की सासूचं खरं, मला काय कळंना, आनि पोरीच्या अंगाखाली तर दिसत व्हतं समदं. त्याच्यावर पाच दिवस मी मंजीला अंगावर घेतलं नाय. रडायची तवा मी बाहेर जाऊन उभी राहायची. सहाव्या दिवशी महाडला सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरनं इचारलं, अंगावर पाजतेस का. मी म्हटलं, नाय साहेब, दूध तापलेलं हाय. त्यानं मान खाली घातली न् सुई काढली, पन लावायला शीर सापडंना तिची. दुपारी गेली. सात महिन्यांची व्हती.

नवरा आला, दोन दिवस राहिला, जाताना म्हनाला, आयेला काय बोलू नको, ती पन म्हातारी हाय. तिसऱ्या दिवशी सासूनं पोरगं आनून दिलं. त्याचं काय चुकलं म्हनाली. मी पाजलं. अंगाला काय कळतं वो कोन मेलं न् कोन जगलं, दूध येतच व्हतं. आठवड्यानं कामावर गेले तर दहा वाजता परत पोलकं भिजलं. मुकादम त्या दिवशी काय बोलला नाय, तेवढं त्यानं केलं. वन्सं आनखी तीन महिने राहिल्या, पोरगं पार रांगायला लागलं तवा घेऊन गेल्या.

नंतर मला दोन मुलगे झाले, हायत चांगले. त्यांना दोघांना भट्टीवरनं येऊन पाजलं, सासू कायसुद्धा बोलली नाय. पोरांना चालतं ना. सासू आता खाटेवर हाय, डोळे गेलेत, पेज मीच भरवते. एकदा वाटलं इचारावं, आत्या, तुम्हाला मंजी आठवते का. मग म्हटलं नको, आठवत नसली तर माज्या हातनं वाटी पडंल.

ननंदेचा तो पोरगा येतो गनपतीला. मुंबईत कंपनीत लागलाय, उंच, असा दारात वाकून येतो. मंजीचं त्याला कुनी सांगितलेलं नाय. आईनं सांगितलंय ते एवढंच, की मामीच्या दुधावर वाढलास. म्हनून तो आल्या आल्या देवाच्या आधी माज्या पाया पडतो. आनि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवते, ठेवावाच लागतो, आनि मनापासनं ठेवते, खोटा नाय. त्याचं काय चुकलं, हे सासूचं बोलनं तेवढं खरं व्हतं. शंभर वर्सं जग रे बाळा, म्हनते. आनि मनात म्हनते, तिची पन तूच जग.