फाटकाची रुंदी

लेकाचं लग्न ठरलं, तरी व्याही गाडीचं नाव काढेनात. आपण होऊन विषय कसा काढावा, या विचारात प्रमिलाबाई चिक्कडपल्लीच्या स्टॉपवर उभ्या होत्या. शेजारी दोघं बोलत होते.

“हिम्मतराव, हीच गाडी अमेरिकेत केवढी स्वस्त! आपल्याकडंच का महाग हो?”

“आपल्याकडं जीएसटी, वर रोड टॅक्स.”

“आणि त्याच्यावर जावई.”

“सोयऱ्यांनी मागितली?”

“छे, तसं नक्को बोला! खानदानी लोक. हुंड्याचा शब्द काढला नाही. फक्त घराचं फाटक रुंद करून घेतलं, आणि आम्हाला बघायला बोलावलं.”

“मग?”

“मग काय, शोरूमलाच चाललोय.”

प्रमिलाबाईंनी लगेच फोन लावला.

“यादगिरी मिस्त्री, उद्या सकाळीच या. फाटकाचा एक खांब पाडायचाय.”