एक फ्रेम गळाली नाही!

...नाही, पण मला एक सांगा, आभार राहू द्या बाजूला, निदान 'बरं केलंस रे' एवढं म्हणायला कुणाच्या जिभेला काटा रुततो का? आमच्या घरात मशीन सुसाट पळवणारा गुन्हेगार, आणि मशीनचा गळा आवळणारी... जाऊ द्या, आई आहे माझी. पण तुम्हाला सांगतो, एक फ्रेम गळाली नाही! एक!

आता फ्रेम गळणं म्हणजे काय? व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पळणारी चित्रं हो, त्यातली काही मशीनला झेपली नाहीत की ते सरळ गाळून पुढे जातं आणि पडद्यावरच्या माणसाला उचक्या लागतात. माझी ताई एडिटर. मागच्या खोलीत तिचं टेबल, तिचं मशीन म्हणजे कॉम्प्युटर, आणि तिचा पहिलावहिला मोठा सिनेमा, होड्यांच्या शर्यतीवरचा. चार कॅमेरे आणि पाणीच पाणी! पाणी म्हणजे मशीनचा काळ, प्रत्येक थेंब हलतो ना! ताईनं प्ले दाबलं की वल्ही वर जायची ती वरच राहायची, खाली येईपर्यंत तिचा चहा पिऊन कप विसळून व्हायचा. आणि दिग्दर्शकसाहेबांनी बजावलेलं, "मी शेजारी बसून बघणार. अडखळलं, तर सिनेमा समोरच्या स्टुडिओत!" का? चांगला सिनेमा कापायला बड्या स्टुडिओचे पाय का धरायचे? ज्याच्याकडे नजर आहे त्याला घराच्या मागच्या खोलीत बसून सिनेमा कापता आलाच पाहिजे! असं मी ताईला ठणकावून सांगितलं. ताई म्हणाली, "भाषण नको. मशीन बघ."

बघितलं! दुकानदार आपला एकच धोशा लावून, "सर, ग्राफिक्स कार्ड घ्या, कार्ड! उडेल मशीन!" म्हटलं थांबा, आधी मोजू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळी औषधं एकदम घेतली तर गुण कुणाचा आला कळणार कसं? मेमरी वाढवली, चाचणी. मित्राचं कार्ड उसनं आणून लावलं, चाचणी. आणि प्रत्येक वेळी तीच होडी, तेच वळण, तीच शिट्टी! बाबा दारातून डोकावून विचारायचे, "अरे, पोचली का नाही ती अजून?" कार्डानं फरक पडला चिमूटभर. मग फुटेज त्या जुन्या घरघरणाऱ्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर, म्हणजे न घरघरणाऱ्या चपळ डिस्कवर टाकलं, चारही कॅमेरे, रंग, आवाज, सगळं एकदम लावलं, प्ले दाबलं आणि... सुळ्ळकन! होडी वळली, शिट्टी वाजली, बाबांनी टाळ्या वाजवल्या. एक फ्रेम गळाली नाही!

आले साहेब. बसले. सुरुवात लोण्यासारखी. मी मागे हाताची घडी घालून उभा, जणू होडी मीच वल्हवतोय... आणि ऐन वळणावर उचकी! मग दुसरी! साहेबांची नजर हळूच खिडकीतून समोरच्या स्टुडिओकडे. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, लहानपणी तिची सायकल मी खोलून ठेवली होती तेव्हासुद्धा असं बघितलं नव्हतं. मी तापमान बघतो तर मशीन तापानं फणफणलेलं! टेबलाखाली वाकलो. तिथे काय? कव्हर! लोकरीचं, फुलाफुलांचं, पंख्याच्या तोंडावर घट्ट बसवलेलं!

"आई!!"

"अरे, साहेब येणार म्हणून मुद्दाम विणलं. केवढी धूळ बसते त्याच्यावर."

"ते श्वास घेतं तिथून!"

"हो का? मग तू सताड उघडं ठेवलं होतंस तेव्हा सर्दी नाही झाली ती?"

कव्हर ओढून काढलं, मशीनला निवू दिलं, परत प्ले. वळण, शिट्टी, काठ, पार शेवटपर्यंत... एक फ्रेम गळाली नाही! साहेब खुर्चीत मागे रेलले. "वा! सिनेमा इथेच होणार!" ताईच्या डोळ्यांत पाणी, माझी छाती दारात मावेना.

आणि तिथेच घात झाला! पूर्वी एक बदल दिसायला इतका वेळ लागायचा की साहेब अगदी जिवावर आल्याशिवाय तोंड उघडत नसत. आता? "हा शॉट आधी घेऊ... दिसला? लगेच? अरे वा! मग नंतर घेऊ. नको, आधीच. बरं, निळा करू. थोडा कमी निळा. होता तसाच करा... अजून एकदा?" रोज येतात हो! सिनेमा पुढे सरकत नाही आणि मशीन थकत नाही!

आज दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ताई आईच्या कानाशी लागलेली. "आई, ते कव्हर... जरा घालतेस का परत?"

आई म्हणाली, "घालते की. आता तर दुहेरी विणलंय."