मालनकाकूंचं पाऊल आणि कलकत्त्याचा बारावा पास

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! मृदंगवाले, तुम्हीही हात मोकळे करा. आज आधी प्रश्न विचारतो. सांगा, एखाद्या माणसाचं पाऊल अपशकुनी असतं का हो?

बघा, माना हलल्या! "छे छे, महाराज!" देवळात सगळे असंच म्हणतात. घरी काय म्हणता ते मला ठाऊक आहे! तेव्हा ऐका.

कोल्हापुरात एक तालीम होती, चिंचेखालची तालीम. आता तिथं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे, फुटबॉलही! पोरीला स्थळ बघताना मुलगा कुठल्या तालमीचा हे आधी विचारतात. हसू नका, मी कानांनी ऐकलंय! त्या तालमीचा एके काळचा गोलकीपर दौलतराव बुचडे आणि त्याची बायको मालनकाकू. घर मैदानाच्या पाठीमागच्या भिंतीला लागून. आणि गंमत बघा, काकूंनी बत्तीस वर्षांत मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं!

का? लग्नाला महिना झालेला. नवी नवरी हिरवं लुगडं नेसून गॅलरीत बसली, आणि दौलतरावांनी खाल्ले चार गोल! फायनलला! बाहेर पडताना सगळ्यांसमोर दौलतराव म्हणाले, "हिचं पाऊल लाभत न्हाई." झालं! तालमीनं ते उचललं. मॅच असली की काकू घरात. आणि हळूहळू, मंडळी, काकूंनाही ते खरं वाटायला लागलं. वाईट हेच असतं!

पण कान कोण बांधणार? चपाती लाटता लाटता काकू म्हणायच्या, "कॉर्नर मिळाला." भिंतीपलीकडच्या ओरड्यावरून! "आता फाऊल झाला... आणि आपल्याच पोरानं केलाय, म्हणून गप हाईत बघ." पंचाला दिसणार नाही ते काकूंना ऐकू यायचं!

त्यांच्याच स्वयंपाकघरात इंद्रजित वाढला. आई सूतगिरणीत पाळीवर, म्हणून पोरगा जेवायला काकूंकडे. पाय असे, की बॉल चिकटून चालायचा. त्याला कलकत्त्याच्या एका क्लबनं घेतलं! पहिली मॅच ठरली आणि त्यानं तालमीसाठी मॅच बघायचे बारा पास राखून ठेवले.

मग काय, बैठका! काकूंच्याच सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, काकूंच्याच चहावर! एक म्हणतो, रेल्वेत हलगी न्यायची. दुसरा म्हणतो, डब्यातले लोक उतरवतील खाली. तिसऱ्याला एकच काळजी, तांबडा रस्सा दोन दिवस टिकंल का? काकू आतून सांगतात, "रस्सा नको, धपाटी देते बांधून. आणि स्वेटर घ्या, तिकडं गारठा असतोय." यादी झाली अकरा नावांची. बाराव्यावर भांडण! कुणाचा मेहुणा, कुणाचा साडू. मेहुण्याला फुटबॉलमधलं काय कळतं? काही नाही! पण मेहुणा!

आणि आत काकू कप विसळत उभ्या. बाराव्या नावापाशी त्यांचा हात थांबायचा. जायचं होतं हो त्यांना! ज्या पोराचे गुडघे हळद लावून बरे केले, त्याला एकदा डोळ्यांनी खेळताना बघायचं होतं. पण मागायचं कसं? आपण गेलो आणि पोरगं हरलं तर?

तेवढ्यात इंद्रजितचा फोन आला. दौलतरावांनी तो स्पीकरवर ठेवला.

"काका, काकी येणार न्हवं?"

मेहुणेवाला म्हणाला, "अरे, पहिली मॅच हाय तुझी. काकीचं तुला म्हाईत हाय की..."

काकू दारात आल्या. हातात चहाचा ट्रे. हसून म्हणाल्या, "नको बाळा. मी हितनंच ऐकते." आणि मंडळी, ट्रेमधले कप किणकिण वाजायला लागले.

दौलतरावांनी ते बघितलं. उठले. त्या गोलकीपरानं आयुष्यात एवढी लांब उडी मारली नसेल! म्हणाले, "हिचं पाऊल वाईट न्हवतं. मी हिच्याकडं बघत हुतो."

"कधी?" एकानं विचारलं.

"त्या फायनलला. हिरवं लुगडं नेसून बसली हुती. बॉल कुठनं आला दिसलाच न्हाई मला."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "चारी येळंला?"

"चारी येळंला."

पोरं हसली. काकू हसल्या नाहीत! "आणि बत्तीस वर्सं का बोलला न्हाईसा?"

"आधी लाज वाटली. मग तालीमच म्हणाय लागली. मग खरं सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

काकू रागावल्या. का रागावू नये? दोन दिवस दौलतरावांशी शब्द नाही, ताट वाढायचं आणि निघून जायचं! तिसऱ्या दिवशी बैठक भरली तेव्हा स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बारावं नाव लिहा. मालन दौलतराव बुचडे. आणि खिडकी माझी!" मेहुणा गेला उडत!

आता तुम्ही विचाराल, महाराज, मॅच जिंकली का?

हरली! एका गोलनं हरली!

वाटलं ना, देव चमत्कार करेल? देवाला तेवढंच काम आहे का! बारा जण मैदानाबाहेर उभे, तोंडं उतरलेली. काकूंचा घसा ओरडून बसलेला. मनात तीच जुनी पाल चुकचुकलेली. त्या सगळ्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर ओढून. एवढ्यात इंद्रजित आला, घामानं निथळत, चिखलानं माखलेला. बाकीच्यांना बाजूला सारत थेट मागं गेला, वाकला, आणि त्यानं काकूंच्या त्या पावलांवर डोकं ठेवलं! म्हणाला, "काकी, पुढच्या मॅचलाबी यायचं."

...थांबा. टाळ्या नकोत. टाळ्या वाजवून सुटायला बघता होय?

गोल तुम्हीही खाल्लेत! धंदा बुडाला तेव्हा कुणाचं पाऊल म्हणालात? पोरगा नापास झाला तेव्हा? सून आली त्या वर्षी म्हैस मेली, तेव्हा काय बोललात ओसरीवर? आपलं लक्ष कुठं होतं ते सांगितलंत का कुणाला? ती बाई अजून आतच उभी आहे, कप विसळत, तुमचं बोलणं खरं मानून. देवाच्या पायांवर नंतर या. देव उभाच आहे, कुठं जात नाही. आधी घरी जा, तिला समोर बसवा आणि म्हणा, चूक माझी होती.

जा, मंडळी. आरती मी एकटा करतो!