चूल न लागलेलं पाणी

(जिंतूर, जानेवारी. नीलम्माला समाधी देऊन पाच दिवस झालेत. ओसरीवर तिचा नवरा बसवंतराव आणि परभणीहून आलेली लेक महेश्वरी. मध्ये पत्रिकेचा कागद.)

महेश्वरी : हे वाक्य मी लिहिणार नाही, अप्पा.

बसवंतराव : का? खोटं हाय का? ‘कडाक्याच्या थंडीतही गार पाण्याने लिंगपूजेचा नेम अखेरपर्यंत पाळला.’ सगळी गल्ली बघत होती. छापखान्यावाला थांबलाय, माय. शिवगणाराधनेला, तिच्या दिवसाच्या पंगतीला पाव्हणे यायलेत, पत्रिका वाटायची कधी?

महेश्वरी : खरं आहे, म्हणूनच लिहिणार नाही.

बसवंतराव : शिकलेल्याचं बोलणं आमाला कळत न्हाई.

महेश्वरी : मग सोपं सांगते. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले होते, हिची कातडी कडक होत चाललीय, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गारठ्यानं मिटतात. हात उबेत ठेवा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, गार पाणी लावूच नका. तुम्ही मान हलवलीत.

बसवंतराव : बुडवायची की. संध्याकाळी.

महेश्वरी : आणि सकाळी? डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग आणि वरून रात्रभर गारठलेलं बोरचं पाणी. बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. टोकांना जखमा, त्या भरायच्या थेट उन्हाळ्यात. ती दोनदा म्हणाली, पूजेचं पाणी जरा ऊन करून घेऊ का. तुम्ही काय म्हणालात?

बसवंतराव : मी काय म्हणणार? आमच्या मायनं घालून दिलेलं हाय. लिंगाला चूल न लागलेलं पाणी. तवापासून चालू हाय.

महेश्वरी : तुमची आंघोळ कोणत्या पाण्यानं व्हायची?

बसवंतराव : आता ते कशाला काढायलीस?

महेश्वरी : कोणत्या पाण्यानं, अप्पा?

बसवंतराव : बंबाच्या.

महेश्वरी : बंब कोण पेटवायचं?

बसवंतराव : हे बघ, ती फुप्फुसानं गेली. डॉक्टरनंच लिहून दिलंय. बोटानं न्हाई गेली. लेक असून बापावर इल्जाम घ्यायलीस?

महेश्वरी : ऊन पाण्यानं ती वाचली असती असं मी म्हटलेलं नाही. मी बोटांचं बोलतेय. चार हिवाळे. पिठाला रक्त लागतं म्हणून शेवटी ती हाताला पिशवी बांधून भाकरी थापायची. तीच भाकरी तुम्ही खात होतात.

बसवंतराव : आन् तू? फोनवर इचारायचीस, आई, हात बुडवतीस का. कधी चार दिस राहून बुडवलेस तिचे हात?

महेश्वरी : नाही. ते मी स्वतःला विचारतेच आहे. आत्ता तुम्हाला विचारतेय.

बसवंतराव : हळू बोल. आत बाया बसल्यात.

महेश्वरी : ऐकू द्या. मठातल्या स्वामींना तरी एकदा विचारायचं होतं, ऊन पाणी चालतं का.

बसवंतराव : घरच्या नेमाला काय इचारायचं?

महेश्वरी : समाधीच्या वेळी तिच्या हातात लिंग ठेवायचं होतं. मूठ उघडेना. स्वामी म्हणाले, कोमट पाणी आणा. तुम्ही धोतर सावरत पळत गेलात, अप्पा. या वयात. तांब्यातून वाफ येत होती. तुमच्याच हातानं तिच्या बोटांवर ओतलंत, तेव्हा कुठं मूठ सुटली. मग स्वामींनी लिंग ठेवलं आणि त्याच तांब्यातलं पाणी लिंगावर घातलं.

बसवंतराव : बघितलं मी.

महेश्वरी : कुणी अडवलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. त्या हातावर पूजेच्या वेळी ऊन पाणी पडताना मी पहिल्यांदा बघितलं.

बसवंतराव : बस कर, माय.

महेश्वरी : छापखान्यात काय सांगू?

बसवंतराव : खोड ते.

महेश्वरी : त्या जागी काय लिहू?

बसवंतराव : काही नको. नाव राहू दे नुसतं. नीलम्मा. … पोरी, डॉक्टर कोमट म्हणले होते. कोमट म्हंजी किती ऊन?

महेश्वरी : कोपर बुडवून बघायचं. तिच्या बोटांना चटका कळत नव्हता, म्हणून दुसऱ्या कुणीतरी बघायचं. तेही त्यांनी तुम्हालाच सांगितलं होतं.