वरच्या रांगेतून

रुचा : आई, या फोटोत तू मुंगीएवढी दिसतेयस. कुणी काढला?

शीला : बाबांनी. ते खाली रिंगणात, मी अगदी वरच्या रांगेत. फ्रान्समधलं नीम गाव. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेलं ॲम्फिथिएटर, आणि अजून ठणठणीत. आपल्या मिसिसागाच्या घराला मात्र दहा वर्षांत बेसमेंटमध्ये ओल आली.

रुचा : पण तुझे गुडघे दुखतात ना? एवढं वर कशाला चढलीस?

शीला : बाबा म्हणाले, वरून अख्खं दिसतं, तू जाऊन ये, मी खाली थांबतो.

रुचा : सो? दिसलं?

शीला : दिसलं. ऐकूही आलं. जानेवारीतली थंडी, आम्हा दोघांशिवाय तिथे चिटपाखरू नाही. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांचा मित्र जयदीप. हे बिचारे हळू आवाजात बोलत होते, पण दगड फार प्रामाणिक. शब्द न् शब्द वर पोचवत होते.

रुचा : काय म्हणाला बाबा?

शीला : "मला नोव्हेंबरातच काढून टाकलंय. शीलाला सांगितलं नाहीये. तिला झेपायचं नाही."

रुचा : मग तू खाली येऊन काय बोललीस?

शीला : म्हटलं, वरून फार छान दिसतं.

रुचा : आई, दॅट वॉज अ मंथ अगो.

शीला : हो ना. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसचं काम म्हणून खाली बेसमेंटमध्ये जातात. मी मधे चहा नेते. दार वाजवून नेते, न जाणो मीटिंग चालू असेल.

रुचा : धिस इज सो वीअर्ड. तू सांगून का टाकत नाहीस, मला माहितीय म्हणून?

शीला : मला झेपायचं नाही, असं त्यांना वाटतं. सध्या तेवढाच आधार आहे गं त्यांना. तो कशाला काढून घेऊ? तूही काही बोलू नकोस.

रुचा : मला माहीत होतं. बाबाने नोव्हेंबरातच फोन केला होता मला, ग्वेल्फला हॉस्टेलवर. म्हणाला, आईला सांगू नकोस, शी विल फॉल अपार्ट.

शीला : अस्सं. म्हणजे ते माझ्यापासून लपवतायत, तूही माझ्यापासून, आणि मी तुम्हा दोघांपासून.

रुचा : आणि सगळ्यांना सगळं माहितीय. आई, मग हे ॲक्टिंग नक्की कुणासाठी चाललंय?

(बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजतात.)

चारुदत्त : अरे, रुचा कधी आली? थांब हं, अजून एक कॉल आहे, मग निवांत बोलू. शीला, आज टीमने नुसतं डोकं खाल्लंय.

शीला : अहो, नीमला मी वर बसले होते, तेव्हा तुम्हाला जयदीपचा फोन आला होता.

चारुदत्त : हो, सहज केला होता त्याने.

शीला : मला ऐकू आलं.

चारुदत्त : किती?

शीला : झेपायचं नाही, इथपर्यंत.

चारुदत्त : पण त्यानंतर आपण म्युझियम बघितलं. तू क्रेप खाल्लंस. मी तासभर तुला ग्लॅडिएटरांची माहिती सांगत होतो.

शीला : ऐकत होते की. सुटका झाली की त्यांना लाकडाची तलवार द्यायचे, म्हणालात. तुम्हाला काय दिलं हो?

चारुदत्त : दिलं काही नाही. लॅपटॉप परत मागितला.

रुचा : मग खाली दिवसभर कशावर काम करतोस?

चारुदत्त : तुझा शाळेतला जुना आहे ना, त्यावर अप्लाय करत असतो. कुणी उत्तर देत नाही.

शीला : तो घेऊन वर या. इथे खिडकीपाशी उजेड तरी आहे.