बारावी खुर्ची

— नाही, नाही, कावेरीअक्का, तो झाडू ठेवा खाली आणि बसा आधी. त्याच खुर्चीवर, हो, बाराव्या. माणूस बसला म्हणून रेक्सिन फाटत नाही. अय्यो! काय वाजलं? तुमची बादली होय. बरं. घाबरले की तुमची भाषा राहते बाजूला, तोंडून घरची मराठीच निघते, पण तुम्हाला कळते ना — पंधरा वर्षं आमच्या आळीत भांडी घासताय, शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या शिव्यासुद्धा पाठ असतील.

ऐका, वेळ थोडा आहे, ते अकरा जण बाहेर चपला काढतायत. आज पवित्र गुरुवार. येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुणार, मी तांब्या धरणार. आणि ते बारा कोण? तेच! नऊ वर्षं तेच! घरून वजरीनं टाचा घासून, नखं कापून, पावडर लावून येतात — धुतलेलेच पाय धुवायचे, मग पाणी तरी कशाला वाया घालवायचं, सांगा. आणि ही फरशी पुसून पुसून जिच्या टाचा फुटल्या ती खांबाआड, फडकं घेऊन. गेल्या वर्षी गुंडूअण्णा तापानं आला नाही, खुर्ची रिकामी राहिली, तुम्ही एक पाऊल पुढे आलात — आलात, मी पाहिलं — आणि त्याच बारांतल्या आमच्या येसाजीमामांनी काय केलं? खुर्चीवर छत्री ठेवली. ‘जागा धरलीय’ म्हणे. कोणासाठी? देवाला ठाऊक. फादरना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांनी भक्तिभावानं छत्रीची मूठच धुतली, वर पायांना टेकवतात तसे ओठही टेकवले! सगळे हसले. मीही — नाही, मी नुसती हसले नाही. ती पुसली कोणी? मीच. टॉवेलनं, तुमच्याकडे न बघता. एम.ए. झालेली मुलगी, अक्का, आणि छत्री पुसते.

रविवारी फादर म्हणाले, अन्याय बघून जो गप्प बसला तो त्यात सामील. सगळ्यांनी माना डोलावल्या, मामांनी सर्वांत जोरात. मला तेव्हापासून जेवण जात नाही. म्हणून — कोणाला सांगू नका हं — मघाशी मामा पूजेच्या झग्यांच्या खोलीत दिसले, पाठमोरे, नेहमीच्या पांढऱ्या कपड्यात, पेटीत वाकलेले. आणि मी बाहेरून कडी घातली. मी! पालीला घाबरणारी मी! ते दार धडधडतंय ना, ते तेच. ठोकू दे. तुमचे पाय धुऊन झाले की काढू बाहेर, मग ओरडू देत काय ते. काय? मागे बघू? कोण आलं — अय्यो. हे तर मामा. मग आत कोण? पांढरं — वाकलेलं — चष्मा शोधत —

देवा. मी फादरना कोंडलं.

उठू नका! बसा म्हणते ना! — या, मामा. नाही, इथे नाही, ही खुर्ची भरलीय. दिसतंय ना कोण बसलंय? फादर? येतील, जरा अडकलेत. तोवर मी सुरू करते. कोणी सांगितलं म्हणजे? रविवारी मान तर तुम्हीच डोलावलीत! अक्का, साडी जरा वर घ्या, पाय परातीत ठेवा — पाणी ओतते, उडेल जरा. हसता काय? बरं, हसा. आणि मामा, असे मध्ये उभे राहू नका. जा, त्या खोलीची कडी काढा, आणि येताना टॉवेल घेऊन या.